स्टोक मँडव्हिलचा धन्वंतरी : डॉ. लुडविग गुटमान

पहिले महायुद्ध अद्याप संपले नव्हते. जर्मनीच्या पूर्व सीमेलगतचा अप्पर सायलेशिया हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. तेथील क्योनिग्सह्युट्टे या गावी खाणकामगारांसाठी एक अपघात रुग्णालय होते आणि १९१७ साली तेथे नुकताच तारुण्यात पदार्पण केलेला एक मुलगा मदतनीस म्हणून काम करीत होता. एके दिवशी पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार तेथे आणला गेला. त्याचे दोन्ही पाय निर्जीव झाले होते. डॉक्टरांनी मोडलेले हाड ओढून सरळ केले, छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टर चढवले, त्याची खाट वॉर्डाच्या टोकाला नेली आणि सभोवती पडदे लावले. मदतनीस मुलगा रिवाजाप्रमाणे त्याच्या प्रकृतीच्या नोंदी लिहू लागला, तेव्हा तो खटाटोप करण्याचे कारण नाही, हा माणूस थोड्याच आठवड्यांचा सोबती आहे, असे त्याला समजावण्यात आले. भाकीत खरे ठरले. पाठीवर खोल जखमा पडल्या, मूत्रमार्गात जंतू शिरले, विष रक्तात भिनले आणि पाच आठवड्यांत तो तरुण कामगार गेला.

त्या मदतनीस मुलाचे नाव लुडविग गुटमान. पुढे जगभर नामवंत झालेल्या या डॉक्टरने पडद्याआडची ती खाट आयुष्यभर मनातून जाऊ दिली नाही. कण्याच्या दुखापतीने अपंग झालेल्या माणसाला मरणाची वाट पाहत ठेवण्याऐवजी जगण्याच्या कामाला लावता येते, हे त्यांनी पुढे सिद्ध करून दाखवले. आज जगभर भरणाऱ्या पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धा हे त्यांच्या कार्याचे सर्वांत दृश्य फळ होय. तथापि त्या फळाचे मूळ मैदानात नसून रुग्णालयाच्या वॉर्डात आहे.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी अप्पर सायलेशियातील टोस्ट या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हा प्रदेश आज पोलंडमध्ये आहे. लुडविग लहान असतानाच कुटुंब क्योनिग्सह्युट्टे येथे राहावयास आले. १९१८ साली त्यांनी ब्रेस्लाऊ विद्यापीठात वैद्यकीच्या अभ्यासास प्रारंभ केला आणि पुढे फ्रायबुर्ग येथे जाऊन १९२४ साली एम.डी. ही पदवी मिळवली. फ्रायबुर्गच्या विद्यार्थिजीवनात ज्यूद्वेषाची झळ त्यांना प्रथम जवळून लागली. तेथील ज्यू विद्यार्थ्यांच्या एका मंडळात ते सामील झाले. अपमान निमूटपणे गिळण्याऐवजी शरीर कमवावे, खेळावे आणि ताठ मानेने वावरावे, अशी या मंडळाची शिकवण होती. खेळामुळे माणसाचा स्वतःविषयीचा आदर वाढतो, हा धडा त्यांनी तेव्हा गिरवला. तो पुढे त्यांच्या हजारो रुग्णांच्या उपयोगी पडणार होता.

पदवीनंतर ब्रेस्लाऊमध्ये प्रख्यात मेंदूविकारतज्ज्ञ ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. लेनिनच्या अखेरच्या आजारात ज्यांना मॉस्कोला पाचारण करण्यात आले होते, तेच हे फोर्स्टर. गुरू कमालीचे कष्टाळू आणि तितकेच कडक होते. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या त्या विभागात गुटमान यांनी मज्जासंस्थेची शस्त्रक्रिया आणि निदान या दोहोंत प्रावीण्य संपादन केले. मध्यंतरी हॅम्बुर्ग येथे त्यांनी मेंदूवरील शस्त्रक्रियांचा विभाग सुरू केला आणि १९२९ साली ते पुन्हा फोर्स्टर यांचे सहायक म्हणून ब्रेस्लाऊला परतले. तिशीच्या आसपासच जर्मनीतील अव्वल मज्जातज्ज्ञांत त्यांची गणना होऊ लागली.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि काही महिन्यांतच ज्यू डॉक्टरांना सार्वजनिक रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमान यांचीही नोकरी गेली. ते ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात मज्जाविकार विभागाचे प्रमुख झाले आणि १९३७ साली त्या संपूर्ण रुग्णालयाची धुरा त्यांच्यावर आली. परदेशांतून बोलावणी येत असतानाही ही राजवट फार काळ टिकणार नाही, अशी त्यांची समजूत होती. शिवाय हाताखालचे रुग्ण सोडून जाणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. ती समजूत चुकीची ठरली.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे पेटवण्यात आली, दुकाने फोडण्यात आली आणि हजारो पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्या रात्री गुटमान यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना एकच आदेश दिला : रुग्णालयाच्या दारात जो कोणी पुरुष येईल त्याला काही न विचारता दाखल करून घ्यावे. सकाळपर्यंत ६४ जण दाखल झाले होते. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी जाब विचारावयास आले. एका रात्रीत इतके लोक आजारी कसे पडले, हा त्यांचा सवाल होता. गुटमान त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक व्याधी सांगत सुटले. कोणाला फेपरे, कोणाला हृदयविकार, कोणाला मज्जातंतूंचा दाह. अधिकाऱ्यांच्या पाठीमागे उभे राहून ते रुग्णांना चेहऱ्याने खुणा करीत आणि रुग्ण तशीच तोंडे वेडीवाकडी करून दाखवीत, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जाई. ६४ पैकी ६० जण त्या दिवशी छळछावणीतून वाचले. वैद्यकीय नोंदवहीचा असा उपयोग कोणत्याही पाठ्यपुस्तकात सांगितलेला नाही. परंतु १९१७ साली एका मरणोन्मुख माणसाच्या नोंदी लिहू नकोस असे ज्याला सांगण्यात आले होते, त्यानेच या नोंदी लिहून साठ माणसे जिवंत ठेवली.

त्यानंतर देश सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. योगायोगाने त्याच डिसेंबरात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्रावर उपचार करण्यासाठी जर्मन परराष्ट्र खात्यानेच त्यांना लिस्बनला पाठवले. ज्यूंची पारपत्रे जप्त झालेल्या त्या काळात या कामापुरते पारपत्र त्यांच्या हाती आले. परतताना ते लंडनला थांबले, तेव्हा निर्वासित विद्वानांना साहाय्य करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने त्यांच्या कुटुंबाच्या प्रवेशपरवान्यांची व्यवस्था केल्याचे त्यांना समजले. मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्सा आणि डेनिस व एव्हा ही दोन लहान मुले यांच्यासह ते इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले.

ऑक्सफर्डने त्यांना आसरा दिला. बॅलियल कॉलेजच्या प्रमुखांनी प्रारंभी काही काळ या कुटुंबाला स्वतःच्या निवासस्थानी ठेवून घेतले. संशोधनासाठी वेतन मिळाले, प्रयोगशाळा मिळाली, परंतु रुग्ण मिळाले नाहीत. जर्मनीत शेकडो शस्त्रक्रिया केलेल्या या माणसाला येथे मज्जातंतूंच्या दुखापतींवर शोधनिबंध लिहीत बसावे लागले. चार वर्षांहून अधिक काळ त्यांनी ती घुसमट सोसली. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सरकारच्या वतीने मज्जाविकारतज्ज्ञ जॉर्ज रिडॉक यांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. युरोपात दुसरी आघाडी उघडण्याची तयारी चालू होती. त्या लढाईत कण्याला गोळी लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येतील, त्यांच्यासाठी एल्सबरीजवळ स्टोक मँडव्हिल येथे स्वतंत्र केंद्र काढावयाचे होते. इतर डॉक्टर या कामास उत्सुक नव्हते. ज्या विभागात केवळ मृत्यूचे दाखले लिहावयाचे, तेथे कोण जाणार, अशी सर्वसाधारण भावना होती. गुटमान यांनी एका अटीवर होकार दिला. उपचार आपल्या पद्धतीने करण्याची पूर्ण मोकळीक आपल्याला असावी, ही ती अट. सरकारने ती मान्य केली.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी २६ खाटा आणि एकच रुग्ण यांसह ते केंद्र सुरू झाले. त्यांनी नेमके काय केले हे समजण्यासाठी कण्याच्या दुखापतीत माणूस का मरत असे, हे आधी पाहिले पाहिजे. कण्याच्या मणक्यांतून जाणारा मज्जारज्जू हा मेंदू आणि शरीर यांच्यातील निरोपांचा मार्ग. तो तुटला की खालच्या भागातील हालचाल जाते, त्याचबरोबर संवेदनाही जाते. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो, कारण दाबलेली त्वचा तक्रार करते. ज्याच्या त्वचेची तक्रार मेंदूपर्यंत पोहोचतच नाही, तो तासन् तास एकाच अंगावर पडून राहतो. माकडहाड, खुबे, टाचा येथे दाबाखाली रक्तपुरवठा थांबतो, मांस मरते आणि हाडापर्यंत पोहोचणारी जखम तयार होते. हेच शय्याव्रण. दुसरीकडे मूत्राशयावरील ताबा सुटलेला असतो. लघवी काढण्यासाठी नळी घालून तशीच ठेवली की तिच्या वाटेने जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. म्हणजे माणूस कणा मोडल्यामुळे मरत नसे, तो या दोन उपद्रवांमुळे मरत असे. पहिल्या महायुद्धातील अशा सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के जण काही आठवड्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या अवधीत दगावले होते.

याचा अर्थ गुटमान यांनी अचूक लावला. तुटलेला मज्जारज्जू सांधण्याचे सामर्थ्य वैद्यकात नव्हते आणि आजही ते पुरते आलेले नाही. परंतु शय्याव्रण टाळता येतो आणि मूत्रमार्ग निर्जंतुक राखता येतो. त्यांनी प्लॅस्टरचे साचे काढून टाकले. उशांच्या मऊ आधारावर रुग्णाला ठेवून दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, त्याची कूस बदलण्याचा दंडक घातला. त्यासाठी उचलून वळवणाऱ्या मदतनीसांच्या तुकड्या तयार केल्या. मूत्राशय रिकामे करण्याचे काम कोणाही नवशिक्याच्या हाती न सोपवता डॉक्टरांनी संपूर्ण निर्जंतुक पद्धतीने, ठरावीक वेळी करावे, असा नियम केला. हा नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात अवतीर्ण होत. कूस बदलण्याची वेळ चुकली असेल तर परिचारिका असो की डॉक्टर, कोणाचीही गय होत नसे.

या यशाचे सारे श्रेय एकट्या गुटमान यांचे नाही, हेही नमूद केले पाहिजे. अमेरिकेत बोस्टन येथे डोनाल्ड मन्रो यांनी याच दिशेने आधीच काम आरंभिले होते. सल्फा औषधे उपलब्ध झाली होती आणि युद्धकाळात पेनिसिलिनही सैनिकांपर्यंत पोहोचू लागले होते. गुटमान यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी रुग्णाकडे तुकड्यांनी पाहिले नाही. त्वचा, मूत्राशय, स्नायू, मन, कुटुंब आणि रोजगार हे सारे एकाच उपचाराचे भाग मानून एकाच छताखाली आणले. जीव वाचला येथे बहुतेकांचे वैद्यक संपत होते. त्यांचे तेथून पुढे सुरू होत होते.

जखमा भरल्यावर रुग्णाला बसते करावयाचे. हे वाटते तितके सोपे नव्हे. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला आपण सरळ बसलो आहोत की कलंडत आहोत, हेच कळत नाही. यासाठी त्याला मोठ्या आरशासमोर बसवून डोळ्यांच्या साहाय्याने तोल शिकवला जाई. पाठीवर एक रुंद स्नायू असतो. त्याला चेतना देणारे तंतू मानेपाशी निघतात, म्हणून छातीच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला तरी तो जिवंत राहतो. त्याचे दुसरे टोक मात्र खाली कटिभागापर्यंत पोहोचते. जिवंत आणि निर्जीव भागांना जोडणारा हा नैसर्गिक पूल गुटमान यांनी हेरला आणि तो बळकट करण्यावर व्यायामाचा भर दिला. खांदे, दंड, पाठ तयार झाली की रुग्ण स्वतःच्या हातांनी खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर जाऊ लागे. एखाद्या तरुणाने प्रथमच कोणाच्या मदतीशिवाय हे अंतर ओलांडले की साऱ्या वॉर्डाला त्याचा आनंद होई.

व्यायामाच्या जोडीला काम होते. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन, लेखापाल होण्यासाठीचा अभ्यास असे ज्याला जे जमेल ते. रुग्णाने परावलंबी म्हणून घरी न जाता कमावता म्हणून जावे, हा आग्रह होता. सकाळी व्यायाम, मग कार्यशाळा, मग पुन्हा व्यायाम असा दिवस इतका गच्च भरलेला असे की, या रुग्णालयात आजारी पडायलाही सवड मिळत नाही, अशी थट्टा रुग्ण करीत. डॉक्टरांच्या जर्मन उच्चारांची नक्कलही होई. ते रागीट होते, हट्टी होते, त्यांना विरोध खपत नसे. सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत आणि काही रुग्णांना त्यांची शिस्त जाच वाटे. आपल्याला शांतपणे पडू द्यावे, अशी विनवणी करणाऱ्या नैराश्यग्रस्त तरुणाला ते पडू देत नसत. हा अधिकार डॉक्टरला कोणी दिला, असा प्रश्न आज कोणी विचारील आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र तेच रुग्ण त्यांना पाठीमागे आणि पुढे तोंडावरही पॉपा म्हणजे बाबा म्हणून संबोधू लागले होते, हेही तितकेच खरे.

खेळ या उपचारात कसा शिरला, त्याचा प्रसंग साधाच आहे. एके दिवशी काही रुग्ण रुग्णालयाच्या आवारात अवजड खुर्च्यांमध्ये बसून हातातील काठ्यांनी एक चकती इकडून तिकडे टोलवीत असल्याचे गुटमान यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या लष्करी प्रशिक्षकाला बोलावले, दोघांनी खुर्च्या मागवल्या आणि ते स्वतः त्या खेळात उतरले. त्यातून खुर्चीवरील पोलो जन्मास आला. हा खेळ फारच दांडगाईचा ठरल्याने लवकरच बंद करावा लागला आणि त्याची जागा चेंडू जाळीत टाकण्याच्या खेळाने घेतली. त्यानंतर धनुर्विद्या आली. धनुष्य खेचताना दंड, खांदे आणि पाठ यांना नेमका हवा तो व्यायाम मिळतो. बसून तीर मारणारा आणि उभा राहून मारणारा यांच्यात फारसा फरक उरत नाही, हा तिचा आणखी एक गुण. पाय गमावलेला माणूस धडधाकट माणसाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो, हे तेथे प्रत्यक्ष दिसले.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ऑलिम्पिक स्पर्धांचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया असे एकूण १६ माजी सैनिक खुर्च्यांत बसून धनुर्विद्येच्या सामन्यात उतरले. एक संघ स्टोक मँडव्हिलचा, दुसरा रिचमंड येथील युद्धजखमींच्या निवासाचा. पाहुण्यांचा संघ जिंकला. दिवस मुद्दामच निवडलेला होता. पुढल्या वर्षीच्या समारंभात, या स्पर्धा एके दिवशी अपंगांचे ऑलिम्पिक ठरतील, असे गुटमान यांनी जाहीर केले, तेव्हा उपस्थितांपैकी पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटली असावी. १९५२ साली नेदरलँड्समधील युद्धजखमींचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९५६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ऑलिम्पिक भावनेच्या प्रसारासाठी दिला जाणारा फर्नली चषक स्टोक मँडव्हिलला प्रदान केला.

१९६० साली इटालियन डॉक्टर अँटोनिओ माल्यो यांच्या प्रयत्नांनी या स्पर्धा प्रथमच ऑलिम्पिक नगरीत, म्हणजे रोममध्ये, भरल्या. २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू आले. राहण्याची सोय मात्र खुर्चीवाल्यांना सोयीची नव्हती. सैनिकांनी खेळाडूंना खुर्च्यांसह जिने चढवले आणि उतरवले. पोप तेविसावे जॉन यांनी खेळाडूंची भेट घेतली आणि आधुनिक ऑलिम्पिकचे जनक कुबेर्तँ यांच्याशी गुटमान यांची तुलना केली. पुढे याच स्पर्धांना पहिले पॅरालिम्पिक मानण्यात आले. हा शब्द मूळचा पॅराप्लेजिया, म्हणजे कमरेखालील पक्षाघात, आणि ऑलिम्पिक यांच्या संयोगातून आला. आज त्याचा अर्थ ऑलिम्पिकच्या समांतर असा लावला जातो. आजाराच्या नावापासून समानतेपर्यंतचा हा प्रवास त्या एका शब्दातही उमटला आहे.

रोमच्या स्पर्धांच्याच वर्षी जपानचे तरुण अस्थितज्ज्ञ युताका नाकामुरा स्टोक मँडव्हिलला शिकावयास आले होते. मायदेशी परतून त्यांनी रुग्णांसाठी खेळ सुरू केले आणि १९६४ साली टोकियोत स्पर्धा भरवण्यात पुढाकार घेतला. तेथे जपानी खेळाडूंनी पाहिले की, परदेशी खेळाडू सामने संपल्यावर आपापल्या नोकऱ्यांवर परतणार आहेत. आपण मात्र रुग्णालयात परतणार, ही जाणीव त्यांना बोचली. पुढल्याच वर्षी नाकामुरा यांनी बेप्पू येथे अपंगांना रोजगार देणारी संस्था काढली. गुटमान यांना खेळातून नेमके हेच साधावयाचे होते. पदक हे साधन होते. समाजात परत जाणे, काम करणे, कर भरणे, संसार करणे हे साध्य होते.

त्यांच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या. स्पर्धा प्रदीर्घ काळ मुख्यतः मज्जारज्जूच्या दुखापतींपुरत्याच राहिल्या. हात-पाय गमावलेल्या आणि अंध खेळाडूंना त्यांत प्रवेश मिळाला तो १९७६ साली, टोरोंटो येथे. एकेकाळी पडदे दूर सारणाऱ्या चळवळीलाही आपले दार सर्वांसाठी उघडण्यास वेळ लागला.

ब्रिटनने त्यांना आपले मानले. १९४५ साली ते ब्रिटिश नागरिक झाले, १९६६ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९७६ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १९६१ साली स्थापन झालेल्या, मज्जारज्जूच्या दुखापतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. बार्सिलोनात १९६५ साली उघडलेल्या पुनर्वसन रुग्णालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. केंद्राच्या सेवेतून निवृत्त झाल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. स्टोक मँडव्हिल येथे अपंगांसाठी क्रीडासंकुल उभारण्यासाठी त्यांनी निधी जमवला आणि १९६९ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षात, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९८८ साली सोल येथे ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक स्पर्धा एकाच मैदानांवर झाल्या. ते पाहण्यास ते उरले नव्हते. २०१२ साली लंडनमध्ये पॅरालिम्पिक भरले, तेव्हा खेळाडूंच्या क्रीडाग्रामाचे महापौरपद त्यांची कन्या एव्हा यांच्याकडे होते. १९३९ साली निर्वासित म्हणून आलेली मुलगी जगभरच्या खेळाडूंची यजमानीण झाली.

या कार्याचा एक धागा मराठी मुलखाशीही जुळलेला आहे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून जायबंदी झालेले, सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकावले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. ज्या देशाने गुटमान यांना घालवून दिले, त्याच देशाच्या भूमीवर त्यांच्या कल्पनेतील स्पर्धेत एका भारतीय सैनिकाने हे यश मिळवले. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पुण्याजवळ खडकी येथे कण्याची दुखापत झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. गोव्यातही २०२३ पासून पणजीत भरणाऱ्या पर्पल फेस्टमुळे दिव्यांगांच्या हक्कांची चर्चा मांडवीच्या तीरावर होऊ लागली आहे.

तरीही माडावरून पडलेला पाडेली किंवा दुचाकीच्या अपघातात कण्याला मार बसलेला तरुण जेव्हा रुग्णालयातून घरी आणला जातो, तेव्हा त्याचे भवितव्य बहुधा फार साध्या गोष्टींवर अवलंबून असते. दर दोन तासांनी त्याची कूस कोण बदलणार, नळीची स्वच्छता कोण राखणार, खुर्ची दारातून बाहेर जाईल इतकी वाट घराला आहे की नाही आणि बाहेर गेल्यावर त्याला काम देणारा कोणी आहे की नाही. या साऱ्यांची उत्तरे ऐंशी वर्षांपूर्वीच एल्सबरीजवळच्या त्या २६ खाटांच्या वॉर्डात दिली गेली आहेत. त्यांत महागडे यंत्र कोठेही नाही. आहे ती चिकाटी, आणि समोरचा माणूस संपलेला नाही हा विश्वास.

क्योनिग्सह्युट्टेच्या त्या खाणकामगाराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याच्या प्रकृतीच्या नोंदी लिहिणे व्यर्थ ठरवले गेले होते. परंतु ज्या मुलाने त्या लिहावयास घेतल्या होत्या, त्याने पुढे आपले सारे आयुष्य ते अपुरे टिपण पूर्ण करण्यात वेचले.